बरीच वर्षं पडून असलेला याशिका-मॅट १२४जी: तेल घालायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा: कपाटात पंधरा-वीस वर्षं पडून असलेला याशिका-मॅट १२४जी (एकावर एक दोन लेन्स असलेला, वरून पाहायचा फिल्म कॅमेरा) हाती आलाय. १ सेकंदाला शटर उघडतं ते मिटतच नाही. वरून पाहिलं तर चित्र अंधुक दिसतं. घालून पाहिलेल्या रोलमध्ये जवळचे चेहरे सॉफ्ट आलेत. शटरमध्ये तेलाचा थेंब सोडावा का, आणि मीटरला कुठला सेल घालावा?

तेल सोडू नका. या कॅमेऱ्यात लीफ शटर असतं, म्हणजे लेन्सच्या आत उघडमीट होणारी पाती. ती कोरडीच चालायला हवीत. ती फार पातळ असतात आणि त्यांना ओढणाऱ्या स्प्रिंगचा जोर बेताचा असतो, त्यामुळे तेलाचा पुसट थरही त्यांना एकमेकींना चिकटवायला पुरतो. तुमचा दोष बहुधा पात्यांत नाहीच. १ सेकंदापर्यंतचे मंद वेग एका छोट्या गिअर-साखळीवर चालतात. शटर उघडलं की ही चाकं फिरत वेळ काढतात आणि मग पाती मिटतात. त्या चाकांच्या टोकांवरचं जुनं वंगण सुकून गोंदासारखं झालेलं असतं. वेगवान वेगांना ही साखळी जवळजवळ लागत नाही, म्हणून १/१२५ ठणठणीत आणि १ सेकंद अडकलेला, हे या कॅमेऱ्यांचं नेहमीचं चित्र आहे.

आधी फुकटातला उपाय करून बघा. बटणाभोवतीचं लॉक उघडं आहे याची खात्री करा (शटर गेलं म्हणून आलेल्या कॅमेऱ्यांतले काही नुसते लॉक असतात). मग फिल्म न घालता १/६० वर वीस-तीस वेळा शटर मारा, नंतर १/३०, १/१५ असं खाली उतरत जा. १ सेकंदावर कान लावून ऐका. एकसारखी बारीक ‘किर्रर्र’ आणि शेवटी स्पष्ट टिक् आली तर यंत्रणा चालतेय. किर्रर्र मध्येच धाप लागल्यासारखी मंदावली तर सुकलेलं वंगण आडवं येतंय. सेल्फ-टायमरला मात्र हात लावू नका. जुन्या शटरमधला तो सगळ्यात भरवशाचा नसलेला भाग आहे, आणि तो अर्ध्यात अडकला तर शटरही सोबत अडकून बसतं.

मोजायचं असेल तर मागचं दार उघडून फोनने सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि उजेड दिसणाऱ्या फ्रेम मोजा. १/३० ला ८, १/१५ ला १६, १/४ ला ६० फ्रेम यायला हव्यात. पाव भागाचा फरक सोडून द्या, निगेटिव्ह फिल्मला तो कळतही नाही. १/१२५ च्या वर ही पद्धत चालत नाही, एक-दोन फ्रेममध्ये काय मोजणार?

सरावाने सुटलं नाही तर शटर उतरवून, सॉल्व्हंटमध्ये धुऊन, गिअरच्या मोजक्या टोकांना सुईच्या अग्रावर मावेल एवढं घड्याळाचं तेल देणं हा खरा उपाय आहे, आणि तो दुरुस्ती करणाऱ्याकडेच करवून घ्यावा. पुढची लेन्स काढून पात्यांवर लायटर फ्लुइडचे थेंब सोडायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती चालते, पण थोडे दिवस. विरघळलेलं ग्रीस पसरतं, पात्यांवर आणि लेन्सच्या आतल्या बाजूंवर येऊन वाळतं, आणि मग धुकं काढायला सगळं खोलावंच लागतं. गंज सोडवणारे स्प्रे तर या कॅमेऱ्याच्या आसपासही आणू नका. एक दिलासा: ॲपर्चरच्या (लेन्समधलं भोक लहान-मोठं करणाऱ्या) पात्यांवर तेलाची चमक दिसली तर लगेच घाबरायचं कारण नाही. एसएलआरसारखं हे ॲपर्चर दर फोटोला झटक्यात मिटत नाही, तुम्ही हाताने लावता तिथेच राहतं. ते तेल शेजारच्या शटरच्या पात्यांवर तर गेलं नाही ना, एवढं पाहा.

अंधुक दिसण्याचं काम घरी करता येतं. हूड (वरचं उघडमीट होणारं झाकण) चार कोपऱ्यांतल्या स्क्रूंवर बसलेलं असतं. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, सैल घेतलात तर खाच गेलीच म्हणून समजा. हूड उचलायच्या आधी आणि प्रत्येक थर काढताना फोनने फोटो घ्या, कारण स्क्रीनची (चित्र जिच्यावर दिसतं त्या काचेची) कुठली बाजू खाली होती हे नंतर कुणालाच आठवत नाही. खाली तिरका आरसा दिसेल. याचा मुलामा काचेच्या मागे नाही, पुढच्या पृष्ठभागावर उघडा असतो, त्यामुळे घरातल्या आरशासारखा पुसायला गेलात तर मुलामाच पुसला जाईल. आधी रबरी ब्लोअर. पुरलं नाही तर डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, त्यात भिजवलेला कापूस, आणि तो फक्त स्वतःच्या वजनाने एका दिशेने ओढायचा. दर ओढीला नवा कापूस घ्या. कडा काळवंडल्या असतील किंवा मुलाम्याला भोकं पडली असतील तर धुऊन काही होणार नाही. पुढच्या बाजूला मुलामा असलेलाच नवा आरसा कापून घ्यावा लागेल. साध्या आरशात काचेचा आणि मुलाम्याचा असे दोन प्रतिबिंबांचे थर दिसतात आणि फोकस कुठे आहे तेच ठरत नाही.

स्क्रीन कोमट पाण्यात साबणाचा थेंब घालून धुवा आणि उभी ठेवून वाळू द्या. चित्र उजळ करणाऱ्या प्लॅस्टिकच्या फ्रेनेल थराला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, आणि त्याच्या बारीक वर्तुळांवर कापड घासू नका. शेवटी वरच्या लेन्सची मागची बाजू टॉर्च तिरपी धरून पाहा. तिथे धुकं हमखास असतं. तिथली थोडी बुरशी फोटोत येत नाही, खालच्या लेन्समधली मात्र कॉन्ट्रास्ट खाते.

आता सॉफ्ट चेहरे. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नातला महत्त्वाचा भाग हाच, कारण या जातीच्या कॅमेऱ्यातला हा दोष बाहेरून अजिबात दिसत नाही. वरची लेन्स फक्त दाखवते, खालची फोटो काढते, आणि दोन्ही एकाच पॅनेलवर बसून पुढेमागे होतात. वरच्या लेन्सपासून आरशावरून वळून स्क्रीनच्या घासलेल्या बाजूपर्यंतचं अंतर आणि खालच्या लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर यांचं जुळायला हवं. किती? ८० मिमीची लेन्स, एफ ३.५ (ॲपर्चर पूर्ण उघडं) आणि १ मीटरवरचा चेहरा, यात एकूण सुमारे ५ सेंमी खोली फोकसमध्ये राहते. स्क्रीन फक्त ०.२ मिमी वरखाली बसली तर फोकस त्याच अंतरावर सुमारे ३ सेंमी सरकतो. डोळ्यांवर लावलेला फोकस कानांवर जातो तो असा. ॲपर्चर एफ ८ ला मिटवलं की सगळं झाकलं जातं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

कारणं बहुतेक वेळा मागच्या साफसफाईतली असतात: स्क्रीन उलटी बसवलेली, जास्त उजळ म्हणून वेगळ्या जाडीची स्क्रीन घातलेली, मागून टेकणारा आरसा जास्त जाड काचेचा आलेला, किंवा वरची लेन्स पुसायला फिरवून काढली आणि परत त्याच जागी आणलीच नाही.

तपासायला खालच्या लेन्सचं चित्र फिल्मच्या जागी पाहावं लागतं. मागचं दार उघडलं की खिडकीच्या दोन्ही कडांना रुळांच्या दोन जोड्या दिसतील. बाहेरची जोडी जराशी उंच, तिच्यावर प्रेशर प्लेट (फिल्म सपाट धरणारी दारामागची पट्टी) टेकते. फिल्म आतल्या, किंचित खोल जोडीवर राहते. आतल्या जोडीवर बसेल अशा मापाचा घासलेल्या काचेचा तुकडा घ्या, घासलेली बाजू लेन्सकडे. साध्या काचेचे दोन तुकडे मध्ये ६०० नंबरची कार्बोरंडम पावडर आणि पाणी घालून गोल गोल घासले की असा तुकडा तयार होतो. कडा आधी बोथट करून घ्या. पारदर्शक टेप ताणून लावायचा सल्लाही मिळतो, पण टेपला मध्ये पोट पडतं आणि आपण शोधतोय तो फरक त्या पोटाएवढाच असतो.

कॅमेरा ट्रायपॉडवर, ॲपर्चर एफ ३.५, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणारा वेग) आणि लॉक होणाऱ्या केबल रिलीजने उघडं ठेवलेलं. वरच्या स्क्रीनवर भिंग लावून १ मीटरवरच्या छापील कागदावर फोकस करा, मग खालची काच ८ किंवा १० पट लूपने पाहा. मग उलट: खाली फोकस करून वर पाहा. हेच अर्धा किलोमीटरच्या पलीकडल्या अँटेनावर किंवा खांबावर करा. दर वेळी नॉब एकाच दिशेने फिरवत फोकसवर आणा, नाहीतर नॉबमधला ढिलेपणाच दोष वाटायला लागेल.

नॉब अनंतावर टेकवल्यावर खालची काच लांबचा खांब कडक दाखवत असेल तर खालच्या लेन्सला हात लावायचा नाही, ती बरोबर आहे. वरच्या आणि खालच्या चित्रात जवळ आणि लांब दोन्हीकडे सारखाच फरक पडत असेल तर वरच्या लेन्सची जागा बदलायची. ती सहसा आट्यांत बसते आणि छोट्या ग्रब स्क्रूंनी पक्की केलेली असते. स्क्रीनखाली कागद सरकवून काम भागवू नका, आधी ती सुलट आहे का पाहा. अनंताला जुळतं पण जवळ जुळत नाही, किंवा चित्राची एक कड कडक आणि दुसरी सॉफ्ट, असं असेल तर कॅमेरा कधीतरी आपटलाय आणि पुढचं पॅनेल तिरकं झालंय. ते घरचं काम नाही.

जवळच्या फोटोत आणखी एक गोष्ट: दोन लेन्सच्या केंद्रांत ४ ते ५ सेंमी अंतर असतं, म्हणून वर पाहिलेली चौकट आणि फिल्मवरची चौकट जवळून वेगळ्या पडतात. माथा कापला जातो तो यामुळे. ट्रायपॉड असेल तर फोकस झाल्यावर कॅमेरा तेवढा वर उचला.

मीटरला १.३५ व्होल्टचा मर्क्युरी सेल लागायचा, तो आता बनत नाही. १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातलात तर मीटर उजेड जास्त दाखवतो, फोटो गडद येतात, आणि सेल उतरत जातो तशी ही चूकही बदलत राहते. झिंक-एअर सेल किंवा व्होल्टेज उतरवणारा ॲडॅप्टर घालून सिल्व्हर ऑक्साइड, यातलं काहीही चालेल. हूड उघडं असेपर्यंत मीटर चालू राहतो हे ध्यानात ठेवा. खरं तर तो नसला तरी काही अडत नाही, शटर पूर्ण यांत्रिक आहे. लख्ख उन्हात एफ १६ आणि फिल्मच्या आयएसओइतका वेग. आयएसओ १०० ला १/१२५.

रोल घालताना आधी प्रेशर प्लेट १२ फोटोंच्या, म्हणजे १२० फिल्मच्या, जागी आहे ना पाहा. भरलेला रोल खाली, रिकामा स्पूल वर. कागदावरचा बाण कॅमेऱ्यावरच्या खुणेशी आणा, दार लावा, क्रँक थांबेपर्यंत पुढे आणि मग थांबेपर्यंत मागे. कागद सुरुवातीपासून ताणलेला राहू द्या. सैल गुंडाळलेला रोल कडांनी उजेड खातो. क्रँक कधीही जोराने पुढे रेटू नका. कॅमेरा याच जातीतला रोलाय्फ्लेक्स ऑटोमॅट असेल तर गोष्ट वेगळी: तिथे बाण नाही, कागद दोन रोलरांच्या मधून जायला हवा, नाहीतर काउंटर सुरूच होत नाही आणि अख्खा रोल नुसता गुंडाळला जातो. मिनोल्टा ऑटोकॉर्डमध्ये फिल्म वरून खाली येते आणि फोटो झाल्यावर वळते, ही चांगली सोय. पण त्याचा फोकसचा खालचा दांडा ठिसूळ असतो. ग्रीस घट्ट झालं असताना दांडा ढकललात की तो मोडतो. ममिया सी-मालिकेत आधी बेलोजची (लेन्समागच्या घड्यांच्या भात्याची) भोकं तपासावीत, अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च घालून.

तुमच्या १२४जी मध्ये फिल्म खालच्या रोलरवर काटकोनात वळून वर येते. दोन आठवडे तशीच राहिली तर त्या घडीचा बाक पुढच्या फोटोत येतो. क्रँक फोटो काढायच्या आधी फिरवा, काढल्यावर लगेच नाही. म्हणजे शटर चढवलेलं राहत नाही. कॅमेरा चामड्याच्या मूळ केसमध्ये साठवू नका, चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशी तिथूनच येते. हवाबंद डबा, सिलिका जेल, आर्द्रता ४० ते ५० टक्के.

दाराच्या, उजेड अडवणाऱ्या फोमला बोट लावा. काळा चिकट डाग आला तर तो फोम गेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी काडीने खरवडा, कण आत पडू न देता, आणि त्याच जाडीचा नवा लावा.

मग एक रोल फक्त तपासणीसाठी खर्च करा, तोही साधी कृष्णधवल फिल्म. पहिले तीन फोटो १ मीटरवर एफ ३.५ ने, टेबलावर तिरप्या ठेवलेल्या मोजपट्टीच्या एकाच आकड्यावर फोकस करून. पुढचे दोन लांबच्या इमारतीचे, तेही एफ ३.५ वर. नंतर चार फोटो एकाच उन्हातल्या भिंतीचे: १/५०० ला एफ ८, १/२५० ला एफ ११, १/१२५ ला एफ १६, १/६० ला एफ २२. चौघांची निगेटिव्ह सारखी गडद यायला हवी. १/५०० ची जास्त गडद आली तर तो वेग हळू चालतोय. आणखी दोन मंद वेगांवर. शेवटची चौकट काढायच्या आधी कॅमेरा दहा मिनिटं उन्हात ठेवा, दर दोन मिनिटांनी बाजू बदलत. फिल्म धुऊन आली की स्कॅन नंतर बघा, आधी निगेटिव्ह उजेडासमोर धरा. काळा पट्टा चौकटीबाहेर फिल्मच्या कडेपर्यंत गेला असेल तर उजेड दाराच्या फोममधून किंवा सैल रोलमधून आलाय. पट्टा चौकटीच्या आतच थांबत असेल तर लेन्सच्या बाजूने आलाय, आणि तेव्हा शटर पूर्ण मिटतंय का ते बघावं लागेल.