वाचकांचे प्रश्न : शेंगेन व्हिसाचा अर्ज कुठे करायचा?

प्रश्न : विमान पॅरिसला उतरतं. फ्रान्समध्ये चार रात्री आणि इटलीत सहा रात्री राहणार आहोत. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणारा एकच पर्यटक व्हिसा) कोणत्या देशाकडे मागायचा?

उत्तर : इटलीकडे. मुक्काम जिथे जास्त, अर्ज तिथे. दोन्हीकडे सारख्याच रात्री असत्या, तर आधी प्रवेश करता तो देश, म्हणजे फ्रान्स. केवळ अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिसऱ्याच देशाकडे अर्ज करणारे बरेच असतात. हॉटेलच्या आरक्षणावरून ते लगेच उघड होतं.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने वैध हवा, 10 वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. प्रवासातल्या वैद्यकीय खर्चाच्या विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोंचं, तेही सगळ्या शेंगेन देशांत लागू असलेलं. फक्त इटलीपुरता विमा चालत नाही.

बँकेच्या स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या तोंडावर अचानक मोठी रक्कम भरू नका. पैसे उसने आणल्याचा संशय येतो. कोणी खर्च उचलत असेल तर तसं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट जोडा.

अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, शंका आली तर 45, म्हणून शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका.