निन्जा झेडएक्स-६आर घ्यावी की झेडएक्स-१०आर?

कावासाकीच्या या दोन स्पोर्ट्स बाइकपैकी (६आर सहाशेच्या वर्गातली, ६३६ सीसी; १०आर सुमारे हजार सीसी, म्हणजे 'लिटर क्लास') कोणती घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. पुढे लिहिलंय की पुण्यात राहता, उंची ५ फूट ७ इंच, चार वर्षं केटीएमची आरसी ३९० चालवलीत, कर्ज धरून वीस-बावीस लाखांपर्यंत जायची तयारी आहे. आणि मित्र म्हणतात, "सहाशे घेतलीस तर सहा महिन्यांत कंटाळशील, सरळ लिटर क्लास घे."

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसलोच नसतो. २०२१ साली माझ्या दाजींनी मला हेच ऐकवलं होतं, सहा महिन्यांच्या मुदतीसकट. मी ते ऐकलं आणि माझी दोन वर्षं त्यात गेली.

६आर घ्या.

आमचे दाजी कोल्हापुरातले जुने गाडीवाले. तरुणपणी त्यांच्याकडे राजदूत ३५० होती आणि आजही गल्लीतली म्हातारी माणसं त्या आवाजाची आठवण काढतात. गाडीचा विषय निघाला की घरात त्यांचाच शब्द शेवटचा. मला तेव्हा ६३६, म्हणजे ६आरच, हवी होती. पण एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ (प्रदूषणाचा नवा नियम) लागू झालं आणि कावासाकीने ती भारतातून काढून घेतली, त्यामुळे मिळाली तर जुनीच मिळणार होती. त्याच सुमारास ओळखीतून २०१८ची १०आर चालून आली. त्या वर्षी कावासाकीने १०आरची जुळणी भारतात सुरू केली होती आणि नव्या गाडीचा भाव थेट १२ लाख ८० हजारांवर आणला होता, म्हणून जुन्या बाजारात ती जवळपास ६आरच्या भावात मिळत होती. दाजी म्हणाले, "भावड्या, घ्यायची तर एकदाच घे. सहाशे म्हणजे सहा महिन्यांचा खेळ. मग ती विका, मोठी घ्या, नुकसान कुणाचं?" हिशोब पटण्यासारखा होता. घेतली.

पहिले दोन महिने मी हवेत होतो, हे कबूल. पेट्रोल पंपावर माणसं गोळा व्हायची, पोरं फोटो काढायची. पण रविवारी पहाटे आंबा घाटात गेलो की माझं मला कळायचं. पहिल्या गिअरमध्येच जी गाडी दीडशेला टेकते, तिचा दुसरा गिअर घाटात कुठे वापरणार? वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल जरासा उघडला की पुढचं वळण अंगावर. मग मनगट आपोआप आखडतं. गाडी वळवायच्या आधीच ब्रेक, वळणात नुसतं तरंगायचं, बाहेर पडताना पुन्हा भीती. सगळं लक्ष गाडीला आवरण्यात. त्याला चालवणं म्हणत नाहीत.

वर्षभराने मागचा टायर बदलायला गाडी स्टँडवर चढवली तेव्हा मी खाली बसून नीट पाहिलं. मधला पट्टा घासून सपाट झालेला, आणि दोन्ही कडांना दोन-दोन बोटं रबर कोरं. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते कडेला तसेच उभे होते. आठ हजार किलोमीटर झाले होते. म्हणजे आठ हजार किलोमीटर मी एक २०० पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती) गाडी सरळ रेषेत नेत होतो. टायरवाल्याने काही म्हटलं नाही, पण मला लागलं.

२०२३च्या फेब्रुवारीत टेम्पोत गाडी टाकून चेन्नईला ट्रॅक डेला (रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस) गेलो. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ३.७ किलोमीटर, १२ वळणं. पहिल्या दिवशी वीस-वीस मिनिटांची चार सत्रं मिळाली. सरळ पट्ट्यावर दोनशेच्या वर जायचो आणि पट्टा संपायच्या खूप आधी, घाबरून, ब्रेक. दुपारपर्यंत उजव्या तळहातावर फोड आला होता, हँडल इतकं घट्ट धरलं होतं. सर्वात चांगला लॅप (ट्रॅकची एक फेरी) २ मिनिटं ७ सेकंद. शेजारच्या पिटमध्ये बंगळूरचे एक डॉक्टर होते, वय पन्नाशीच्या पुढे, गाडी २०१९ची ६आर. ते मला दोनदा वळणात आतून काढून गेले होते. संध्याकाळी म्हणाले, "उद्या सकाळचं एक सत्र गाड्या बदलून करू या का?" अनोळखी माणसाने आपली गाडी ट्रॅकवर देणं ही काय चीज आहे, हे गाडी असलेल्यालाच कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गाडीवर बसलो. पहिले दोन लॅप खरंच वाटलं की हिच्यात दम नाही. कारण मी ती १०आरसारखी चालवत होतो, सात-आठ हजार आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गिअर बदलत. तिसऱ्या लॅपला गिअर खालीच ठेवला आणि काटा अकरा हजारांच्या वर जाऊ दिला. तिथे त्या इंजिनाचा आवाजच बदलतो, गुरगुरणं संपून किंचाळी सुरू होते आणि गाडी पुढे खेचायला लागते. तरीही ती हाताबाहेर जात नव्हती. वर्षभरात पहिल्यांदा मी थ्रॉटल पूर्ण, शेवटपर्यंत, उघडला होता. आणि तो उघडा ठेवून विचार करायला वेळ होता: ब्रेक कुठे, नजर कुठे, गुडघा कुठे.

२ मिनिटं ३ सेकंद. परक्याच्या गाडीवर, पहिल्याच सत्रात, सत्तर-एक पीएस कमी असताना, चार सेकंद जलद.

यामागे चमत्कार नाही. दोन्ही गाड्यांच्या वजनात फरक जेमतेम दहा किलोंचा. सीटची उंचीही ८३० आणि ८३५ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या ५ फूट ७ला दोन्ही सारख्याच. फरक आहे फिरणाऱ्या वस्तुमानाचा. मोठ्या इंजिनाचा क्रँक (आतला फिरणारा मुख्य दांडा) दहा-बारा हजारांवर फिरतो, मागे १९० मिलिमीटर रुंद टायर, आणि हे सगळं फिरत असताना गाडीला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर टाकायला जोर लागतो. ६आरला मागे १८०चा टायर आहे, ती नुसती नजर वळवली तरी वळते. वळणात ती जो वेग राखते तो तुमचा असतो. लिटर क्लासवर वळणात केलेल्या चुका सरळ पट्ट्यावर थ्रॉटल पिळून भरून निघतात, म्हणून त्या चुका चुका वाटतच नाहीत, आणि माणूस वर्षानुवर्षं तसाच चालवत राहतो. मीही तसाच चालवत होतो.

कोल्हापूरला परत येऊन दाजींना सांगितलं. त्यांचं म्हणणं, ट्रॅकला तुझा हात दुसऱ्या दिवशी सरावला, गाडीचा काय संबंध? बरोबर शंका आहे. म्हणून सांगतो, त्याच दिवशी दुपारी मी पुन्हा माझी १०आर घेऊन उतरलो होतो. २ मिनिटं ६. सराव झाला होता तो एका सेकंदाचा. उरलेले तीन सेकंद गाडीचे. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं होतं, ते "असेल बाबा" म्हणून उठून गेले.

तुमचंच बघा. आरसी ३९०ची ताकद साडेत्रेचाळीस पीएसच्या आसपास. ६आर १२९ पीएस, म्हणजे तिप्पट. १०आर दोनशेच्या आसपास, म्हणजे साधारण साडेचारपट. युरोपात ए२ परवान्यावर (तिथला दुचाकीचा मधला परवाना) ३५ किलोवॉटच्या, म्हणजे ४७-४८ पीएसच्या, वरची गाडीच चालवता येत नाही, आणि त्या हिशोबात तुमची ३९० बसते. तिथला माणूस तुमच्या जागी असता तर त्याला वरच्या परवान्यासाठी वेगळी परीक्षा किंवा प्रशिक्षण घ्यावं लागलं असतं. आपल्याकडे अठरा पूर्ण झाली आणि बापाकडे पैसे असले की २०० पीएस दारात उभी राहते. मला हे चुकीचं वाटतं आणि मी ते ग्रुपवर बोललो की लोक चिडतात. चिडू देत.

कंटाळा येतो म्हणणारे जे भेटतात, त्यांना एकच विचारा: शेवटचा रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या आरपीएमची कमाल मर्यादा) कधी गेला होतास, आणि कुठे? पुण्यात चालवायचं म्हणजे काय, तर आठवडाभर सिग्नल, रविवारी पसरणी नाहीतर ताम्हिणी. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदीच आहे. पसरणीत ६आर तिसऱ्यात गेली तरी पुष्कळ झालं. तिचा पहिला गिअर शंभराच्या थोडा वर संपतो, म्हणजे निदान एक गिअर तरी तुम्हाला पूर्ण वापरता येईल. मी तिचा आवाज दर रविवारी वरपर्यंत ऐकतो.

हो, माझ्याकडे आता ६आर आहे. जानेवारी २०२४ मध्ये ती भारतात परत आली, ११ लाख ९ हजार एक्स-शोरूम, आणि मी १०आर विकून पहिल्या महिन्यातच बुक केली. १०आरवर जे नुकसान झालं त्यात ट्रॅक डेच्या सहा-सात वाऱ्या झाल्या असत्या. दाजींचा 'एकदाच घे' हा हिशोब इथे उलटा पडला. आता तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी लागतो, पूर्वी सेस धरून ३१ होता, तेव्हा दोन्हींचा आजचा ऑन-रोड भाव शोरूममध्ये लिहून घ्या. फरक पाच-सहा लाखांहून कमी नसणार. त्या पैशांतला एक लाख चांगला लेदर सूट, बूट, हेल्मेट यांना, आणि उरलेल्यातून ट्रॅक डे. टायरची जोडी दोन्हींना तीस-चाळीस हजारांच्या घरात जाते, तिथे फारशी बचत नाही.

१०आरच्या बाजूचं न सांगणं बरोबर नाही. तिला सहा अक्षांचा आयएमयू (गाडीचा कल मोजणारा सेन्सर) आहे, म्हणजे गाडी कललेली असताना एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) त्या कलाप्रमाणे काम करतात. ६आरला हे नाही. पावसात, डिझेल सांडलेल्या घाटात ही फार मोठी गोष्ट आहे आणि कावासाकीने ती ६आरला द्यायला हवी होती, एवढे लाख घेता तर. क्विकशिफ्टरही (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) ६आरला फक्त वर जाताना चालतो. तुम्ही महिन्यातून दोनदा पुणे-बंगळूर करणार असाल तर १०आरचा क्रूझ कंट्रोल आणि मोकळं इंजिन सुखाचं. ६आर त्या वेगाला सतत वरच्या आरपीएमवर फिरते आणि तीनशे किलोमीटरनंतर तळहात झिणझिणतात. वजन शंभराच्या पुढे असेल तरीही वेगळा विचार करा. आणि पाच-सहा वर्षं नियमित ट्रॅकवर घालवलेला माणूस विचारत असता तर मी त्याला १०आरच सांगितली असती. तुम्ही ट्रॅकचा उल्लेखही केलेला नाही.

सिग्नलला मांड्या दोन्हींवर भाजतात. टेस्ट राइड सकाळी देऊ लागले तर दुपारी दोनची मागा, चांदणी चौकातून.

मित्रांना हे दाखवा, वाद घालायचा तर खाली घालू देत. दाजी हे वाचतीलच, ताई दाखवल्याशिवाय राहणार नाही. दाजी, दिवाळीत तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की डॉक्टरांच्या गाडीवर माझा वेळ २ मिनिटं ५ होता आणि मी दोन सेकंद कमी करून सांगतो. २ मिनिटं ३च होता. ट्रान्सपॉन्डरच्या (गाडीवर लावलेलं लॅपची वेळ नोंदवणारं यंत्र) वेळांचा कागद ट्रॅकवरच छापून मिळाला होता, तो गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात आहे. रविवारी घरी या, दाखवतो. आणि येताना जाकीट घेऊन या, गाडी तुम्ही चालवायची, पन्हाळ्यापर्यंत, आणि तिसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही.