फ्रिजला घरी रंग देता येतो, पण आधी पाणी कुठून लागतंय ते बघा

तुमचा प्रश्न असा आहे की फ्रिज जुना असला तरी थंड व्यवस्थित करतो, फक्त दाराची खालची कड आणि पायांजवळचा पत्रा गंजलाय. तर घरी रंग देता येईल का, आणि ब्रशने द्यावा की स्प्रेने?

देता येतो. आम्ही रत्नागिरीत राहतो. इथल्या खाऱ्या हवेत पत्र्याची कुठलीही वस्तू फार दिवस कोरी राहत नाही. आमच्या सिंगल डोअर फ्रिजला मी दोनदा रंग दिलाय. पहिल्यांदा दिलेला वर्षभरात फुगून पापुद्रे सुटले, दुसऱ्यांदा दिलेला अजून टिकून आहे. त्या अनुभवावरून सांगते.

गंज नेहमी खालूनच का चढतो ते आधी बघा. आमच्याकडे रोज लादी पुसताना ओलं फडकं फ्रिजच्या पायांना घासायचं आणि पाणी कडेच्या दुमडीत शिरायचं. ते थांबवलं नाही तर कितीही भारी रंग आणा, आतून गंज चालूच राहतो. रंग देऊन झाल्यावर फ्रिज प्लास्टिकच्या स्टँडवर चढवा. पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर मात्र रंगाचा उपयोग नाही, कारण आतला फोम ओलावा धरतो. अशा वेळी आधी मेकॅनिकला दाखवा.

काम काढायचंच तर दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत काढा. मी पहिल्यांदा श्रावणात बसले होते. दमट हवेत स्प्रेचा रंग पांढुरका पडला, चकाकी आलीच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फ्रिजचा प्लग काढा, आणि शक्य असेल तर फ्रिज गॅलरीत किंवा पडवीत न्या. स्प्रे आणि थिनरची वाफ पेट घेते, म्हणून स्वयंपाकघरातच करणार असाल तर शेगडी बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये थंड करण्यासाठी आर ६०० ए (R600a) हा गॅस असतो आणि तोही ज्वलनशील आहे. मागच्या स्टिकरवर ते लिहिलेलं असतं. ज्या फ्रिजच्या मागे काळी जाळी दिसत नाही, त्याच्या गरम नळ्या बहुतेक बाजूच्या पत्र्याच्या आतून गेलेल्या असतात. तिथे पटाशी, ड्रिल, ग्राइंडर अजिबात लावू नका. नळी फुटली तर रंगाच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठा खर्च अंगावर येईल. खालची कड रंगवायला फ्रिज आडवाही पाडू नका, कंप्रेसरचं तेल नळ्यांत शिरतं. दोन माणसांनी उचलून चारही पायांखाली लाकडाचे ठोकळे सरकवले की हात सहज पोचतो.

खरी मेहनत घासण्यात आहे. आधी भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा काढा. फोडणीचं तेल वर्षानुवर्षं दारावर बसलेलं असतं, आणि ते राहिलं की रंग तिथे फाटतो, बारीक खड्डे पडतात. मग गंजलेल्या जागी ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर लावा आणि चकचकीत पत्रा दिसेपर्यंत थांबू नका. पहिल्यांदा मी इथेच घाई केली होती. बाकीच्या दाराची फक्त चकाकी मारायची, त्याला ३२० नंबर पुरतो. उघड्या पत्र्याला त्याच दिवशी रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा प्रायमर लावा, आमच्या हवेत तर रात्रभरात पुन्हा तांबूस होतो. खड्डे असतील तर लांबी (पुट्टी) भरून ४०० नंबरने सपाट करा.

ब्रश की स्प्रे? दाराला स्प्रे, खालच्या कडेला ब्रश. दारावर ब्रशच्या रेघा उन्हात लगेच दिसतात. स्प्रेचा डबा वीत-दीड वीत लांब धरून हात चालता ठेवा आणि तीन-चार पातळ हात द्या. एकाच हातात सगळं झाकायला गेलात की ओघळ आलाच. घरातल्या साध्या ऑइल पेंटवर स्प्रे मारायचा असेल तर आधी कोपऱ्यात मारून बघा. काही स्प्रेमधलं थिनर खालचा रंग उचलतं आणि सुरकुत्या पडतात. माळ्यावरचा जुना डबा वापरू नका. नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली, त्याआधीच्या डब्याची खात्री देता येत नाही. फ्रिजच्या आत तर कुठलाच रंग नको, तिथे आपलं अन्न असतं.

दाराचं रबर आणि ते जिथे टेकतं ती चौकट मास्किंग टेपने नीट झाका. चौकटीला रंग लावावाच लागला तर दोन दिवस दार किंचित उघडं ठेवा आणि नंतर रबराला टाल्कम पावडर चोळा. नाहीतर रबर ओल्या रंगाला चिकटतं आणि दार ओढताना फाटतं. टेप शेवटचा हात पूर्ण सुकायच्या आत काढा, म्हणजे कड स्वच्छ येते. रंग हाताला कोरडा लागला तरी आतून कडक व्हायला आठवडाभर लागतो. तोवर दाराला चुंबक, स्टिकर, ओलं फडकं काही लावू नका.