चेन कोरडी पडलीय, एफडी मोडू का?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा पैशांसाठी, दुसऱ्यांदा तेलासाठी. दुसऱ्या वाचनात जे सापडलं ते जास्त महत्त्वाचं निघालं, पण त्याकडे नंतर येते.

आधी तुमचं म्हणणं इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडते. गोव्यात वाळपईच्या पुढे तुमची 16,000 चौरस मीटर काजूची बागायत आहे, खाली छोटं कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग. 2014 मध्ये घेतलेलं लाकूड कापायचं चेनसॉ मशीन आहे. इंजीन ठीक आहे, एका-दोन ओढ्यांत सुरू होतं, पण चेनला तेल येत नाही. चेन तापते, धूर निघतो, बारची, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीची, कड निळी पडलीय. काजूचा मोसम मार्चमध्ये सुरू होईल, त्याआधी फेणीच्या भट्टीसाठी जळण फोडून ठेवायचंय. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. मेकॅनिक म्हणतो, पंप गेला, 6,400 रुपये लागतील. दुकानदार म्हणतो, जुनं 2,000 ला द्या, नवं 34,000 ला न्या, सहा महिन्यांचे हप्ते, शून्य टक्के व्याज. आणि भाचा मोबाईलवर 7,500 चं मशीन दाखवतोय. तुम्ही विचारता, एक लाखाची एफडी मार्चमध्ये भरते, ती आत्ताच मोडून नवं घेऊ का?

मोडू नका. निदान या आठवड्यात तरी नको.

आता ते तेलाचं. पत्रात खाली, जवळजवळ सहीला टेकून तुम्ही लिहिलंय: ‘घरचं खोबरेल असतं म्हणून तेच घालतो. सकाळी तर थेंब येत नाही, दुपारी थोडं थोडं येतं.’ दादा, सगळा हिशेब या एका ओळीत आहे. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. जानेवारीत आपल्या न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली आपण उन्हात नेऊन ठेवतो की नाही? तुमच्या सत्तरी तालुक्यात तर सकाळची थंडी पणजीपेक्षा जास्तच. बाटली उन्हात जाते, मशीन मात्र पडवीतल्या कोपऱ्यात असतं. टाकीत तळाशी, जाळीच्या तोंडावर ते पांढरं होऊन बसतं. पंपाने ओढायचं काय? दुपारी इंजिनाच्या आणि उन्हाच्या गरमीने ते पातळ होतं, मग थोडं येतं. एप्रिलमध्ये हेच मशीन बिनतक्रार चाललं असणार.

मी मेकॅनिक नव्हे, म्हणून फोंड्यात माझ्या ओळखीचा एक जण हीच मशीनं उघडतो, त्याला फोन लावला. तो हसला आणि म्हणाला, पंप मरतो सगळ्यात शेवटी, आणि लोक बदलतात सगळ्यात आधी. त्याने सांगितलेला क्रम तसाच लिहिते, कारण यातल्या बऱ्याच पायऱ्यांना पैसे लागत नाहीत.

मशीन बंद करा, प्लगची टोपी काढा, मगच हात घाला. बार आणि चेन उतरवा. बारच्या मागच्या टोकाला तेल आत जायचं एक बारीक भोक असतं, आणि कडेने खाच असते. काजूचा भुसा तेलात मिसळून तिथे पिठाच्या गोळ्यासारखा घट्ट बसतो. तारेने भोक मोकळं करा, हॅकसॉच्या जुन्या पात्याने खाच खरवडा. मशीनच्या अंगावर जिथून तेल बाहेर येतं ते तोंडही पुसा. मग टाकीतलं खोबरेल पूर्ण ओता (उन्हात तासभर ठेवून, नाहीतर निघायचं नाही), आतली जाळी आकड्याने बाहेर ओढून पेट्रोलमध्ये धुवा, नळी कुठे चिरलीय का ते बघा, आणि दुकानातलं चेन ऑइल भरा. तेल कमी-जास्त करायचा स्क्रू तुमच्या मॉडेलला असेल तर तो अगदी कमीवर तर नाही ना, तेही पाहा.

आता बार-चेन न लावता मशीन सुरू करून थोडी रेस द्या, हात लांब ठेवून. त्या तोंडातून तेल पाझरलं तर पंप जिवंत आहे आणि दोष बारच्या भोकात होता. नाही आलं, तर टाकीचं झाकण जरा सैल करून पुन्हा पाहा. सैल केल्यावर आलं तर टाकीत हवा घेणारी वाट बुजलीय. एवढं करूनही कोरडंच राहिलं, तर मात्र क्लचच्या मागचा, पंप फिरवणारा वर्म गियर किंवा खुद्द पंप गेलाय. तिथे घरी झटापट करू नका. बहुतेक मशीनांचा क्लच उलट्या आट्यांचा असतो, नेहमीच्या दिशेने जोर लावलात की आणखी घट्ट होतो, आणि 800 ची मजुरी वाचवायला जाऊन क्लच मोडून बसाल.

सगळं परत जोडल्यावर शेवटची परीक्षा पुठ्ठ्याची. बारचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर वर धरायचं आणि रेस द्यायची. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली की झालं. पुढे रोजच्या कामात लक्ष एवढंच ठेवा, की पेट्रोलची टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही संपत आलेली असली पाहिजे. पेट्रोल संपलं आणि तेल जसंच्या तसं दिसलं तर थांबा.

आता पैसे. मेकॅनिकचा कागद तुम्ही जोडलात ते फार बरं केलंत. त्यात पंप आणि वर्म गियर 2,400, बार 1,900, चेन 1,300, मजुरी 800. यातलं 2,400 हे अजून सिद्ध न झालेलं दुखणं आहे. बार मात्र बहुधा घ्यावाच लागेल. निळी पडलेली कड म्हणजे लोखंडाचं पाणी उतरलेलं, ती आता भराभर झिजणार. खालची कड शाबूत असेल तर उलटा करून एखादा मोसम निघेल, पण त्याच्या भरवशावर बसू नका. चेन तर आपली वहाण, झिजणारच.

मशीन तुम्हाला परवडतं का, हे त्याच्या किमतीवरून कळत नाही. ते वर्षात किती दिवस चालतं त्यावरून कळतं. तुम्ही लिहिलंय सात दिवस: चार जळणाचे, दोन-तीन पावसात पडलेल्या झाडांचे. मशीन घेऊन येणारा माणूस तुमच्याकडे दिवसाचे 2,000 घेतो. म्हणजे स्वतःचं मशीन नसतं तर वर्षाला 14,000. स्वतःचं असलं तर पेट्रोल आणि त्यात मिसळायचं टूटी ऑइल दिवसाला 300, चेन ऑइल 250, सात दिवसांचे 3,850. वर्षाला एक चेन धरली तर 5,150. इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, बघा, नऊ हजार वाचले. पण ते सात दिवस मशीन कोण धरतं? तुम्ही. तुमच्या मजुरीचे दिवसाला 800 धरते, तेही कमीच आहेत. 5,600 त्यात घाला. एकूण 10,750. खरी बचत वर्षाला 3,250 रुपये.

त्या 3,250 समोर तिन्ही पर्याय ठेवून पाहा. चेन मी वर्षाच्या खर्चात घेतलीच आहे, म्हणून ती दुरुस्तीतून वगळते. पंपासकट दुरुस्ती 5,100, सुमारे दीड वर्षात वसूल. पंप ठीक निघाला तर बार आणि मजुरी 2,700, पहिल्याच वर्षात वसूल. आणि नवं मशीन, जुन्याचे 2,000 वजा करून 32,000: जवळजवळ दहा वर्षं. तुमच्या आत्ताच्या मशीनला किती वर्षं झाली ते बघा, म्हणजे दहा वर्षं हा आकडा कसा दिसतो ते कळेल.

भाच्याचं 7,500 चं मशीन या हिशेबात वाईट दिसत नाही, सव्वादोन वर्षांत सुटतं. स्वस्त मशीनवर माझा राग नाही. मी एवढंच विचारीन, की त्याचा पार्ट वाळपईत किंवा डिचोलीत कोणाकडे मिळतो? भाच्याने दोन दुकानांना फोन करून नाव सांगावं. होकार आला तर बोलू. नाही आला, तर पहिल्या बिघाडाला ते 7,500 पडवीत बसले.

शेजाऱ्यांकडे मशीन चालवून गेल्या वर्षी तुम्हाला मिळालेले 8,000 मी मुद्दाम बाजूला ठेवलेत. ते आले चांगलं झालं, पण ते तुमच्या हातांचे आहेत, मशीनचे थोडेच. तेच काम वाढवून वर्षाला पंचवीस-तीस दिवस करणार असाल तर नव्या मशीनचं गणित पार बदलतं, मग मला पुन्हा लिहा. पण त्यात एक अडचण लक्षात घ्या. 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली गोव्यात उभं झाड कापायला वन खात्याची परवानगी लागते. माड 2016 मध्ये त्या यादीतून काढला होता, 2017 मध्ये परत घातला, तरी ‘माडाला काय लागतं?’ म्हणणारे अजून भेटतात. दुसऱ्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, जाल तेव्हा परवानगीचा कागद डोळ्यांनी बघा.

शून्य टक्क्यांबद्दल थोडं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये बँकांना स्पष्ट लिहून कळवलं होतं. व्याज कुठेतरी दुसऱ्या नावाने बसलेलं असतं. तुमच्या कोटेशनवर प्रोसेसिंग फी 999 आहे, त्यावर जीएसटी धरून 1,179. ते तर दिसतं. न दिसणारं शोधायचं तर दुकानदाराला सहज विचारा, ‘आज रोख दिले तर केवढ्याला द्याल?’ जो आकडा खाली येईल तेवढं तुमचं व्याज. तुम्ही लिहिलंत, ‘ट्रकच्या दिवसांपासून हप्त्यांची सवय आहे.’ सवय आहे हे खरं, पण 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या आणि ट्रक उभे राहिले तेव्हा त्या सवयीने सत्तरी-डिचोलीत काय केलं ते माझ्यापेक्षा तुम्ही जवळून पाहिलंय. मिळकत मोसमी आणि हप्ता मासिक, ही जोडी मला कधीच आवडली नाही. काजूचे पैसे मार्च ते मे. जानेवारी-फेब्रुवारीचे हप्ते कशातून?

एफडी दहा महिने चाललीय. सात टक्क्यांची असेल आणि मुदतीआधी मोडल्यावर दंड कापून हातात साडेपाच टक्के पडले, तर एक लाखावर सुमारे 1,250 रुपये जातात. फार मोठी रक्कम नाही, पण त्यात एक चेन येते. दोन महिने थांबलात की तेही जात नाहीत. अगदीच गळ्याशी आलं तर एफडीवर कर्ज घ्या, मोडू नका.

तेव्हा मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. या रविवारी साफसफाई आणि पुठ्ठ्याची परीक्षा. तेल आलं तर बार आणि चेन बदलून फेब्रुवारीचं काम उरकायचं. नाही आलं तर पंपही बदलायचा, हरकत नाही. मात्र एक रेघ ओढून ठेवायची: चेन सोडून, येत्या दोन वर्षांत या मशीनवर एकूण 6,500 च्या वर जायचं नाही. कारण दोन वर्षांची बचतच तेवढी आहे. इंजिनाचं काम निघालं, पिस्टन-सिलिंडरची भाषा सुरू झाली, की जुन्याचे 2,000 देणाऱ्या दुकानदाराला सांगायचं, बाबा, ने.

या रेघेला एक अपवाद. चेन जागीच थांबवणारा चेन ब्रेक नीट लागत नसेल तर आधी तो, मग तेल. ब्रेक न लागणारं मशीन मी कुठल्याही हिशेबात धरत नाही.

नवं घ्यायची वेळ कधीतरी येईलच. तेव्हा कृषी कार्ड घेऊन आधी विभागीय कृषी कार्यालयात जा आणि यंत्रांच्या अनुदानाच्या यादीत चेनसॉ आहे का ते विचारा. खरेदी करून बिल घेऊन गेलात तर बहुधा परत पाठवतील. अर्ज आधी, बिल मागाहून.

आणि खोबरेलाबद्दल राग मानू नका, पण ‘घरचं’ म्हणजे फुकट नव्हे. गेल्या एक-दोन वर्षांत खोबरेलाचा भाव कुठे गेलाय ते वहिनींना विचारा. चेनवर उडवलेलं लिटरभर खोबरेल विकलं असतं तर चेन ऑइल घेऊन वर पैसे उरले असते. त्याच्या जागी गाडीचं जळकं ऑइल घालायची कल्पना कोणीतरी देईलच. त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो, तो पंपच खातो.

मेकॅनिककडे पंप बदलायची वेळ आलीच, तर मशीन ठेवून घरी येऊ नका. समोर बसा, उघडताना बघा, आणि काढलेला जुना पंप आणि वर्म गियर पिशवीत घालून परत मागून घ्या. गियरचे दात खरंच गेले असतील तर तुम्हाला ते नखाने कळेल.