गाळा आत्ता नको, आधी किलोचा भाव नीट लावा

प्रश्न: मी कोल्हापूरला राहते, वय ४४. चार वर्षांपूर्वी वडिलांना मधुमेह निघाला तेव्हा मैदा टाळून त्यांच्यासाठी नाचणीची बिस्किटं करायला लागले. हळूहळू शेजारपाजारचे मागू लागले आणि त्यातून घरगुती बेकिंग सुरू झालं. आज महिन्याला सरासरी ८० किलो माल करते. त्यातला ७२ किलो ४८० रुपये किलोने विकते आणि ८ किलो एका वृद्धाश्रमाला देते. ते मला बंद करायचं नाही. मदतीला एक मावशी येतात, त्यांना ५ हजार देते. माझे महिन्याला पावणेअठरा हजार सुटतात. राजारामपुरीत एक गाळा मिळतोय. भाडं ११ हजार, डिपॉझिट ६० हजार. डेक ओव्हन, मिक्सर, फर्निचर धरून एकूण ३ लाख ६५ हजार लागतील. माझ्या नावावर ६ लाखांची एफडी आहे, ६.८ टक्क्यांची. ती मोडू का? मुलगा अकरावीला आहे. यजमानांचा पगार घरखर्चात आणि घराच्या हप्त्यात जातो.

उत्तर:

ताई, तुमचं पत्र आणि सोबतचे वहीच्या पानांचे फोटो मी दोनदा वाचले. हिशेब लिहून ठेवणारी माणसं कमी भेटतात. तुम्ही बटरची पावतीसुद्धा जपून ठेवली आहे, म्हणूनच हे उत्तर आकड्यांत देता येतंय. माझं मत आधीच सांगतो. एफडी मोडू नका आणि गाळा या वर्षी घेऊ नका. व्यवसाय मात्र थांबवायचा नाही. त्याला आता वाढू द्यायचं, पण घरातूनच.

पावणेअठरा हजार हा आकडा कुठून आला ते मी तुमच्याच वहीत शोधलं. ७२ किलोचे ३४,५६० रुपये आले. त्यातून तुम्ही फक्त कच्चा माल वजा केला आहे. किलोला २१० रुपयांप्रमाणे ८० किलोचे १६,८००. उरले १७,७६०. पण पुडे आणि लेबलं किलोला २२ रुपयांप्रमाणे १,७६० होतात. वीज आणि गॅस १,९००. पोचवायला जाता त्याचं पेट्रोल १,८००. मावशींचे ५,०००. हे सगळं वहीच्या वेगवेगळ्या पानांवर आहे, एका बेरजेत कुठेच आलेलं नाही. ते वजा केल्यावर हातात राहतात ७,३००. रोज पाच तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १२५ तासांचं काम आहे तुमचं. तासाला ५८ रुपये पडतात. हे वाचून वाईट वाटेल, पण गाळ्याच्या करारावर सही करण्याआधी कळलेलं बरं.

आता गाळा. भाडं ११ हजार, दुकानाची वीज ४ हजारांच्या आसपास, काउंटरवर एक मुलगी बसवली तर ८ हजार. म्हणजे दर महिन्याला २३ हजार रुपये, एकही पुडा विकला गेला नाही तरी द्यायचेच. तुमच्या एक किलो मालावर, आश्रमाचा वाटा आणि वीज-गॅस धरून, साधारण १७६ रुपये सुटतात. २३ हजार भागवायला १३० किलो माल जास्त खपवावा लागेल. थोडक्यात, ८० किलोचे २१० किलो केलेत की तुम्ही आज आहात तिथेच याल, त्याच ७,३०० वर. शिवाय ३ लाख ६५ हजारांवरचं व्याज जातं, ते महिन्याला दोन हजारांवर आहे. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक दर कापते तो वेगळाच.

आणखी एक गोष्ट दुकानदार पहिल्या सहा महिन्यांत शिकतात. तुम्ही ऑर्डर आल्यावर भाजता, त्यामुळे तुमचा माल पडून राहत नाही. दुकानात काचेमागचा कप्पा भरलेला दिसावा लागतो. टिकवण्यासाठी काही न घातलेली, बटर आणि बदामाची बिस्किटं कोल्हापूरच्या पावसाळ्यात किती दिवस कुरकुरीत राहतात आणि कधी खवट लागायला लागतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तो परत घ्यावा लागणारा माल तुमच्या गाळ्याच्या हिशेबात धरलेलाच नाही.

एफडीचंही स्पष्ट बोलतो. घरात लगेच हाताशी येणारी तेवढी एकच रक्कम आहे. मुलगा अकरावीला आहे, म्हणजे दीड-दोन वर्षांत प्रवेश, फी, कदाचित पुण्यात वसतिगृह. त्या पैशाला आधीच नाव लागलेलं आहे.

मग करायचं काय? सगळ्यात आधी भाव. ४८० हा भाव तुम्ही तीन वर्षांपूर्वी लावला, असं लिहिलंय. तो ५६० करा. एकही गिऱ्हाईक गेलं नाही तर महिन्याला ५,७६० रुपये वाढतात. गिऱ्हाईक तुटेल ही भीती मला समजते, म्हणून तोही हिशेब करून पाहिला. समजा नऊतलं एक गिऱ्हाईक गेलं, विक्री ७२ वरून ६४ किलोवर आली आणि आश्रमाचे ८ किलो तसेच चालू राहिले. तरी हातात १०,६०० राहतात. आजच्यापेक्षा ३,३०० जास्त, आणि काम कमी. भाव वाढवताना माफी मागू नका. पुड्यासोबत दोन ओळींची चिठ्ठी ठेवा: नवा भाव, कधीपासून. बस्स.

खर्च कमी करायचा तर कुठे, हेही पानावर दिसतं. किलोला नाचणीचं पीठ ३२ रुपये, गूळ २०, दूध-वेलदोडा-बदाम २३ आणि बटर १३५. गुळासाठी तुम्ही करवीरच्या गुऱ्हाळापर्यंत जाता. ती चव तुमची ओळख आहे, ते जरूर करा. पण पैसा गुळात वाचणार नाही. बटर महिन्याचं एकदम, पेटीने, घाऊक विक्रेत्याकडून घ्या. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बटर आणि बदामावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तुमच्या पावतीवरचा भाव त्यानंतर उतरला का, ते जुन्या पावतीशेजारी ठेवून बघा.

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत ४० किलोच्या ऑर्डरी परत कराव्या लागल्या, म्हणून मोठा ओव्हन हवा. पण त्याच पानावर असंही आहे की एरवी ओव्हन दुपारी एकनंतर थंड असतो. म्हणजे अडचण बाराही महिन्यांची नाही, तीन आठवड्यांची आहे. माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी आई पीठ, तूप आणि पिठीसाखर घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायची. आम्ही भावंडं पत्र्याच्या डब्यांवर बसून आमचा ट्रे भट्टीतून बाहेर येण्याची वाट बघायचो. नानकटाई किलोवर भाजून मिळायची. ही पद्धत अजून गेलेली नाही. पाव आणि खारीचा घाणा निघाला की दुपारी बऱ्याच बेकऱ्यांची भट्टी रिकामी आणि गरम असते. तुमच्या भागातल्या दोन-तीन बेकरीवाल्यांशी आत्ताच बोला, किलोमागे भाजण्याची मजुरी ठरवा, दिवाळीच्या तारखा पक्क्या करा आणि एकदा ५ किलो भाजून बघा. त्या बेकरीचा स्वतःचा परवाना असावा. तिथे मैदा उडत असतो, म्हणून त्या मालाच्या लेबलवर इथे गव्हाचे पदार्थही भाजले जातात हे लिहायचं. ज्यांना गहू अजिबात चालत नाही, त्यांचा माल घरच्याच ओव्हनमध्ये करा.

एक खर्च मात्र मी आजच करा म्हणेन. मळून मळून मनगट दुखतं, रात्री शेकावं लागतं, असं तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी कडेला लिहिलंय. कोटेशनमध्ये २० लिटरचा मिक्सर ४५ हजारांचा आहे. तुम्हाला १० लिटरचा पुरतो, त्याचं कोटेशन मागवा. त्यासाठी एफडी मोडायची गरज नाही. त्याच एफडीवर बँक ओव्हरड्राफ्ट देते, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढी रक्कम उचलता येते. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण १ ते २ टक्के जास्त लागतं, पण ते वापरलेल्या रकमेवरच आणि वापरलेल्या दिवसांपुरतं. भाव वाढवल्यावर सहा महिन्यांत ते फिटू शकतं. ५० हजारांपर्यंत सरकारच्या मुद्रा योजनेचं शिशु कर्जही तारण न ठेवता मिळतं, पण एफडी असताना ओव्हरड्राफ्ट सोपा. आणि वीजबिलावर नजर ठेवा. घराच्या एका भागात व्यवसाय असला तरी महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या वर्षात ३,६०० युनिटपर्यंत वापर असेल तर महावितरण घरगुती दर लावते. तुमचं बिल २६५ युनिटचं दिसतंय. दुसरा ओव्हन घरात आणला तर ही मर्यादा ओलांडली जाईल.

आता जरा नाजूक विषय. फोटोतल्या पुड्यावर "शुगर फ्री" आणि "मधुमेहींसाठी उत्तम" असं छापलंय, आणि रेसिपीत किलोला २८० ग्रॅम गूळ आहे. वडिलांच्या काळजीतून हे सुरू झालं, तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण गूळ ही साखरच आहे, आणि एखादे आजोबा तो शब्द वाचून दोनाऐवजी सहा बिस्किटं खातील. नियमाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर "शुगर फ्री" लिहिता येत नाही, आणि गूळ घातल्यावर "साखर घातलेली नाही" असंही म्हणता येत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. उरलेली लेबलं फेकून द्या. नवीन लेबलवर नाचणी, गूळ, बटर, मैदा नाही, हे साधं आणि खरं लिहा. नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तिला खोट्या आधाराची गरज नाही. सोबत १४ अंकी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांक, हिरवी खूण, कधी केलं आणि कधीपर्यंत खायचं याच्या तारखा, आणि दूध, बदाम असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा.

आश्रमाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, उलट हात लावू नका असंच सुचवलंय. मी बंद करा म्हणणारही नाही. त्या ८ किलोचा खर्च महिन्याला दोन हजारांच्या थोडा वर जातो. आज तो कुठेच लिहिलेला नाही, त्यामुळे तो तुमच्या मजुरीतून कापला जातो आणि तुम्हालाही कळत नाही. वहीत त्याला स्वतःचं पान द्या: "आश्रम, महिना २,००० रुपये." त्यात बसेल तेवढा माल द्या. बटर महागलं तर किलो कमी होतील, रक्कम वाढणार नाही. कुणा गिऱ्हाइकाला एक पुडा आश्रमासाठी घ्यायचा असेल तर ते पैसेही त्याच पानावर जमा करा आणि पुडा पोचल्याचं त्यांना कळवा. तुमची गिऱ्हाइकं हे आनंदाने करतील असं मला वाटतं, कारण तीही तुमच्याकडे नुसत्या बिस्किटांसाठी येत नाहीत. उधारीचे १४ हजार बाहेर आहेत, ते मात्र या पानावर घेऊ नका. दान वेगळं आणि येणं वेगळं. ज्यांना खरंच जड जातंय त्यांचं माफ करायचं तर एकदा ठरवून करा, बाकीच्यांना फोन करा.

आणि मावशी. तापलेल्या ओव्हनशेजारी त्या रोज चार तास उभ्या असतात. तुमच्या दयाळूपणाचा पहिला हक्क त्यांचा आहे. त्यांचं बँकेत खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. भाव वाढला की पहिल्याच महिन्यापासून त्यांचे ५ हजार साडेपाच करा. वर तुमच्या हातात राहणारे १०,६०० मी लिहिले, त्यातून हे ५०० गेले तरी तुम्ही पुढेच आहात.

गाळा कधी? दिवाळीचा महिना सोडून सलग सहा महिने घरातून १३० किलोच्या वर विक्री झाली, मुलाच्या प्रवेशाचे पैसे बाजूला निघाले आणि तुमच्या स्वतःच्या नावाने महिना निदान १२ हजार मजुरी वहीत पडू लागली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा ओव्हनसाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना चालू आहे का, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं आहे, एफडी मोडून रोखीने घेतलेला ओव्हन त्यात बसत नाही. आणि गाळ्याचा करार नोंदणीकृतच करा, किती महिने सोडता येणार नाही हे कलम वाचल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.

गाळामालकांना या आठवड्यातच नाही म्हणून कळवा, त्यांना ताटकळत ठेवू नका. पुढच्या महिन्याची वही नव्या पानावर सुरू करा. वर दोनच रकाने हवेत, "माझी मजुरी" आणि "आश्रम". त्यांतले आकडे महिना सुरू होण्याआधीच लिहून ठेवा.