कागदी पाकिटात थांबलेला पुरावा

सिरियल किलरची जुनी प्रकरणं डीएनएमुळे उलगडतात ती कशी, याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : चाळीस वर्षं जुन्या डागातून डीएनए मिळाला, अशा बातम्या येतात. इतकी वर्षं तो टिकतो कसा?

डीएनएचा खरा शत्रू ओलावा. डाग पूर्ण वाळला की जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला पाणीच उरत नाही. म्हणून मुद्देमाल गोळा करणाऱ्याला पहिला धडा दिला जातो तो असा : आधी सावलीत वाळवा, मग कागदात ठेवा. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला तर तो आतल्या आत दमटतो, त्यावर बुरशी धरते आणि डीएनएच्या साखळीचे तुकडे पडू लागतात. तोच कपडा वाळवून कागदी पाकिटात ठेवला, सील केला, वर तारीख आणि सही घातली आणि कोरड्या, थंड जागी ठेवला, तर तो कित्येक दशकं थांबतो.

पूर्वी तपासणीसाठी चांगला नाण्याएवढा डाग लागायचा. कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या पीसीआर पद्धतीने डीएनएच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढता येऊ लागल्या. आता मोजक्या पेशींवरही काम भागतं.

प्रश्न : अमेरिकेतल्या ‘ग्रीन रिव्हर किलर’ची लाळ पोलिसांकडे १९८७ पासून होती म्हणतात. मग अटकेला २००१ का उजाडलं?

सिएटलच्या आसपास १९८२ पासून तरुण मुली आणि स्त्रियांचे मृतदेह सापडू लागले. त्यांतल्या कित्येक घरातून पळालेल्या किंवा देहविक्रय करणाऱ्या होत्या. ट्रक रंगवण्याचं काम करणाऱ्या गॅरी रिजवेवर संशय होता, पण १९८४ मध्ये तो खोटं पकडण्यासाठीच्या पॉलिग्राफ चाचणीतून सहीसलामत सुटला. १९८७ मध्ये त्याला गॉजचा एक तुकडा चघळायला दिला आणि ती लाळ जपून ठेवली.

त्या काळच्या पद्धतींना नमुना भरपूर लागायचा. मृतदेहांवरून मिळालेला अंश जेमतेम, तोही जुना आणि खराब झालेला. एकदा वापरला की संपला. तेव्हाच घाई केली असती, तर निकाल आला नसता आणि हाती काहीच उरलं नसतं. २००१ मध्ये एसटीआर पद्धतीने, म्हणजे डीएनएवरच्या ठरावीक जागांची लांबी मोजून, तपासणी झाली आणि लाळ जुळली. ३० नोव्हेंबरला रिजवेला अटक झाली. थेट डीएनए होता तो मोजक्या खुनांपुरताच. मृत्युदंड टळावा म्हणून त्याने २००३ मध्ये ४८ खुनांची कबुली दिली, २०११ मध्ये आणखी एकाची. न वापरता राखून ठेवणं हाही तपासाचाच भाग आहे, हे मला या प्रकरणात फार महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या ‘गोल्डन स्टेट किलर’चा नमुना कुठल्याच पोलिसी डेटाबेसमध्ये नव्हता. मग तो नातेवाइकांवरून कसा सापडला?

पोलिसांच्या डेटाबेसमध्ये डीएनएवरच्या ठरावीक जागांची लांबी नोंदवतात. अमेरिकेत आधी १३ जागा पाहत, २०१७ पासून २० पाहतात. त्यावरून ‘हा आणि तो एकच माणूस’ एवढं ठामपणे सांगता येतं. कॅलिफोर्नियात २००१ मध्ये तेच घडलं. उत्तरेतले बलात्कार आणि दक्षिणेतले खून एकाच माणसाचे आहेत हे कळलं, पण त्याचं नाव मात्र कळेना.

वंशावळीसाठी वेगळं वाचन करतात. त्यात डीएनएवरच्या काही लाख जागी चार रासायनिक ‘अक्षरां’पैकी कुठलं आहे ते पाहतात. दोन माणसांचे डीएनएचे तुकडे जितके लांब सारखे, तितकं नातं जवळचं. व्हेंचुरा काउंटीतल्या १९८० च्या दुहेरी खुनाच्या वेळी नमुन्याचा एक जादा संच काढून ठेवलेला होता. त्यातून असं वाचन तयार झालं आणि ते जीईडीमॅचसारख्या, लोक हौसेने आपली मुळं शोधायला वापरतात त्या संकेतस्थळांवर टाकलं गेलं. सापडले ते दूरचे भाऊबंद. त्यांचा आणि खुन्याचा धागा जुळत होता तो खापरपणजोबांच्याही वरच्या पिढीत.

खरं कष्टाचं काम इथून सुरू झालं. जनगणनेच्या नोंदी, मृत्युलेख, जुनी वर्तमानपत्रं चाळत एकोणिसाव्या शतकातल्या त्या जोडप्यापासून खाली, आजच्या पिढीपर्यंत झाड वाढवत आणायचं. मग पुरुष कोण, वय काय असायला हवं, त्या वर्षांत कॅलिफोर्नियात कोण राहत होता, अशा चाळण्या लावायच्या. शेवटी उरलेल्या नावांत जोसेफ जेम्स डीअँजेलो होता, एकेकाळचा पोलीस कर्मचारी. त्याच्यावर पाळत ठेवली. दुकानाबाहेर उभ्या त्याच्या मोटारीच्या दाराच्या मुठीवरून बोळा फिरवला, नंतर त्याच्या कचऱ्यातला टिश्यू पेपर उचलला. गुन्ह्याच्या नमुन्याशी तो जुळला आणि २४ एप्रिल २०१८ ला, ७२ व्या वर्षी, त्याला अटक झाली. वंशावळीने फक्त बोट दाखवलं. पुरावा ठरला तो शेवटचा थेट नमुना.

प्रश्न : डीएनए जुळला म्हणजे गुन्हेगार तोच, असं मानायला हरकत काय?

हरकत आहे, आणि मोठी आहे. २००७ मध्ये जर्मनीतल्या हाइलब्रॉनला एका पोलीस महिलेचा खून झाला. तिथे सापडलेला एका अनोळखी बाईचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या चाळीसच्या आसपास गुन्ह्यांत आढळला. घरफोड्याही त्यात, खूनही त्यात. पोलीस वर्षानुवर्षं त्या बाईच्या मागे होते. २००९ मध्ये उलगडा झाला : तो डीएनए नमुना घ्यायच्या कापसाच्या बोळ्यांवरच होता, ते बोळे भरणाऱ्या एका कामगार महिलेचा. बोळे निर्जंतुक होते. पण निर्जंतुक करण्याने जंतू मरतात, डीएनए पुसला जात नाही.

दुसरा प्रकार कॅलिफोर्नियातला, २०१२ चा. खून झालेल्या माणसाच्या नखांखाली ज्याचा डीएनए सापडला, तो त्या रात्री बेशुद्धावस्थेत रुग्णालयात दाखल होता. त्याला उचलणारे रुग्णवाहिकेचे कर्मचारीच नंतर खुनाच्या जागी गेले होते. हे बाहेर येईपर्यंत तो निरपराध माणूस काही महिने तुरुंगात होता.

डीएनए ‘कोणाचा’ ते सांगतो. ‘कसा आला’ आणि ‘कधी आला’ हे शोधायला माणूसच लागतो.

प्रश्न : मुळाशिवाय गळलेल्या केसातून काही कळतं का?

मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा, डीएनए मिळतो. तो आईकडून येतो, त्यामुळे एका आईची सगळी भावंडं त्यात सारखीच दिसतात. अलीकडे अशा केसांतून वंशावळीपुरता पेशीकेंद्रातला मुख्य डीएनएही काढता येऊ लागला आहे.

प्रश्न : मी नमुना दिलेला नाही, पण माझ्या चुलतभावाने दिला. मग माझ्या खाजगीपणाचं काय?

काळजी रास्त आहे. गोल्डन स्टेट किलरच्याच तपासात २०१७ मध्ये ओरेगनमधल्या शुश्रूषागृहातल्या एका वृद्धावर संशय आला. त्याचा नमुना घेतला आणि तो निर्दोष निघाला. जीईडीमॅचने २०१९ पासून, ज्यांनी स्वतः होकार दिला त्यांचीच माहिती पोलिसांसमोर ठेवायला सुरुवात केली. माझ्या मते हे तंत्र खून आणि बलात्कारापुरतंच राहावं, दुसरे मार्ग संपल्यावरच वापरावं आणि चुकून ज्याच्यापर्यंत पोचलो त्याचं नाव बाहेर येऊ नये.

दुसरी बाजूही ऐका. खुनाच्या तपासात डीएनएने पहिल्यांदा काय केलं, तर एका निरपराध मुलाला सोडवलं. इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले. १७ वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली होती. लेस्टर विद्यापीठाच्या अॅलेक जेफ्रीज यांनी तपासून सांगितलं : दोन्ही खून एकाच माणसाचे, आणि तो हा मुलगा नव्हे. मग पाच हजारांवर पुरुषांचे नमुने घेतले, तरी एकही जुळला नाही, कारण खरा खुनी कॉलिन पिचफोर्क याने आपल्या जागी एका सहकाऱ्याला पाठवलं होतं. तो सहकारी पबमध्ये बोलून गेला, ते एकीने ऐकलं आणि पोलिसांना कळवलं.

प्रश्न : म्हाताऱ्याला चाळीस वर्षांनी शिक्षा करून साधतं काय?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि दर वेळी मी ऑगस्ट २०२० ची सॅक्रामेंटोची सुनावणी आठवते. डीअँजेलो व्हीलचेअरमधून यायचा, तोंड किंचित उघडं, नजर शून्यात. सरकारी वकिलांनी कोठडीतलं चित्रण दाखवलं, त्यात तो एकटा असताना छान चढत-वाकत होता. १९७० च्या दशकातल्या बलात्कारांची तक्रारीची मुदत केव्हाच संपली होती, त्यामुळे त्या बायकांच्या बलात्काराचे आरोप कोर्टात ठेवताच आले नाहीत. पण कबुलीच्या करारात ते गुन्हेही त्याला मान्य करावे लागले. तीन दिवस त्या बायका आणि मेलेल्यांचे नातेवाईक एकेक करून त्याच्यासमोर उभे राहिले आणि बोलले. पॅरोलशिवाय जन्मठेप सुनावली त्या दिवशी तो व्हीलचेअरमधून उठला, उभ्याने म्हणाला की मी सगळ्यांचं ऐकलं, आणि माफी मागून खाली बसला.