इंग्लंडमधले 98 आणि पुण्यातले 58

ताई, तुम्ही विचारलंय की सहावीतल्या लेकीला आत्तापासून जेईई-नीटच्या फाउंडेशनला घालू की सरकारी स्कॉलरशिप परीक्षेच्या क्लासला, पण मला पत्रातलं दुसरंच काहीतरी टोचत राहिलं. मिस्टरांनी इंग्लंडचे आणि इथले मार्क एक्सेलमध्ये भरले, प्रिंट काढली आणि तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली, गणितासमोर लाल बाण, 82 वरून 58. रोज सकाळी युनिफॉर्म काढायला दार उघडलं की समोर तेच. आणि मग परवा तिने तुम्हाला विचारलं, "आई, मला आधी येत होतं ना गं?"

अकरा वर्षांची मुलगी स्वतःबद्दल असं विचारायला लागली की क्लास कुठला हा प्रश्न बाजूला ठेवायचा. मिस्टरांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, परत यायचं आपण ठरवलं आणि त्यात पोरीचं नुकसान झालं की काय ही धास्ती त्यांना असणार, पण त्या धास्तीचा भार तिने का उचलायचा? देश बदलला, शाळा बदलली, मैत्रिणी सुटल्या, बाणेरच्या सोसायटीत अजून कुणी खेळायला बोलवत नाही हे तुम्हीच लिहिलंय, यातलं काही आहे का त्या शीटमध्ये? शीट आजच काढा. आणि काढताना तिला सांगा की यातला हिशोबच चुकला होता, कारण तो खरंच चुकलाय.

तिने मे 2024 मध्ये तिथल्या इयर सिक्सची सॅट्स, म्हणजे प्राथमिक शाळा संपताना होणारी सरकारी परीक्षा दिली, गणितात 98 आले, रीडिंगला 103. स्कोअर 120 पर्यंत असतो म्हणून मिस्टरांनी 98 ला 120 ने भागलं आणि 82 टक्के काढले. असं भागता येत नाही हो! हा स्कोअर 80 ते 120 मध्येच फिरतो, शून्यापासून सुरू होत नाही, आणि 100 म्हणजे त्या वयाला जेवढं यायला हवं तेवढं आलं, 110 किंवा वर म्हणजे चांगलंच पुढे. पेपर दरवर्षी थोडा सोपा-अवघड होतो म्हणून पडलेले मार्क या स्केलवर बसवतात. 2024 ला गणिताचे तीन पेपर मिळून 110 मार्क होते आणि 54 पडले की स्कोअर 100 मिळत होता, म्हणजे 98 वाल्या मुलीला निम्म्याहून कमीच मार्क होते. 82 टक्के तिला कधी नव्हतेच, मग 24 टक्के घसरली कुठून? आता उलट्या बाजूने "अरे मग ती सुधारली" असंही नको, दोन परीक्षाच वेगळ्या, त्यांची वजाबाकी होत नाही. एवढंच कळतं की रीडिंग व्यवस्थित होतं आणि गणितात ती काठाच्या थोडी अलीकडे होती.

शाळेचा प्रोग्रेस स्कोअर प्लसमध्ये होता मग आपलीच मागे कशी, हेही तुम्ही विचारलंय. तो आकडा शाळेचा असतो, एका मुलाचा नाही, सारख्या पातळीवरून सुरू केलेल्या देशभरातल्या मुलांशी तुलना करून शाळेतल्या त्या वर्षीच्या मुलांची सरासरी काढतात. तुम्ही पाहिलात तो आधीच्या बॅचचा असणार, कारण ती सुरुवातीची पातळी इयर टूच्या परीक्षांवरून धरायचे, 2020 ला कोविडमुळे त्या रद्द झाल्या आणि तिच्या बॅचचा हा स्कोअर निघालाच नाही.

युनिट टेस्टच्या पेपरचा फोटो जोडलात ते फार बरं केलं. 50 पैकी 29, ठीक. पण गेले कुठे ते बघा ना! अपूर्णांक सगळे बरोबर. 4,56,789 तिने 456,789 असं लिहिलंय, लाखाची जागा विचारली तिथे गडबड, कारण तिच्या डोक्यात अजून हंड्रेड थाउजंड आहे. ज्वारीच्या गणितात क्विंटल म्हणजे काय तेच तिला माहीत नाही, म्हणून ते कोरं सोडलंय. याला गणित कच्चं म्हणायचं का? लाख-कोटी आणि इथली मापं तुम्ही घरी रोज थोडा वेळ बसून घ्या, दोन-तीन आठवडे पुरतील.

स्कॉलरशिपचे 150-150 मार्कांचे दोन पेपर असतात, सहावीत त्याची घाई नको. सहावीतलं फाउंडेशन मला अजिबात पटत नाही, ते पालकांच्या भीतीवर चालतं. मार्चपर्यंत कुठलाच क्लास लावू नका. मला जास्त काळजी मराठीची वाटते जिचा तुम्ही जाता जाता उल्लेख केलाय, 20 पैकी 7. घरी छान बोलते पण वाचताना अडखळते, आणि हा विषय दहावीपर्यंत सुटणार नाही, तर बाहेर पडलात की दुकानांच्या पाट्या, पीएमपीच्या बसवरची नावं तिला वाचायला लावा, चुकली तर हसू नका.

मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या. पटलं नाही तर त्यांनी स्वतः मला लिहावं, मी नक्की उत्तर देईन.